दिवसाला एकच प्रश्न

डिसेंबरातल्या एका सकाळी शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "काय ओ, गाडीत भडंग भाजताय काय?" तोवर मी स्वतःची समजूत घालत होतो की तो आवाज फक्त मलाच येतोय.

काकूंनी नेमकं पकडलं होतं. सेल्फ मारला, इंजिन पेटलं की पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवल्यासारखी खडखड. एक, दोन, तीन. तीन म्हणेपर्यंत सगळं शांत. मग दिवसभर गाडी अशी गुमान चालायची की सकाळी आपल्यालाच भास झाला असं वाटावं. माझं घर कळंब्याकडे आणि नोकरी राजारामपुरीतल्या एका पतसंस्थेत. रस्ता जेमतेम पाच किलोमीटरचा. संध्याकाळी ऑफिसातून निघताना पुन्हा थोडी खडखड व्हायची, पण सकाळइतकी नाही.

गाडी २०११ची पेट्रोल हॅचबॅक. १.२ लिटरचं, चार सिलिंडरचं इंजिन. त्यात टायमिंगला, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवायला, पट्टा नाही, चेन. मीटरवर ९४,००० किलोमीटर. आमच्या आप्पांनी एसटीतून रिटायर होताना ही घेतली. तीस वर्षं त्यांनी लाल गाडी चालवली. जुन्या एसटीत इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला खेटून असायचं, त्यामुळे त्यांचा डावा कान आता जवळपास गेलाय आणि उजवा त्याच वाटेवर आहे. पण गाडीतलं घरात सगळ्यात जास्त कळतं ते त्यांनाच. त्यांना मुद्दाम सकाळी खाली आणलं, सेल्फ मारला. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, जरा वेळ डोळे मिटले आणि म्हणाले, "थरथर नाही. हिला काय झालेलं नाही." आणि वर चहा प्यायला गेले.

मी मात्र धसका घेतला. पहिल्यांदा ऑइल बघितलं, कारण ते बघायला पैसे पडत नाहीत. गाडी सपाट जागी, रात्रभर उभी. डिपस्टिक काढून पुसली, परत घातली, काढली. ऑइल खालच्या खुणेच्या केसभर वर. अर्धा लिटर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज तसाच.

मग सल्ले सुरू झाले. ऑफिसातला मित्र म्हणाला, "नॉकिंग आहे. महागातलं पेट्रोल टाक." शब्द बरोबर, रोग वेगळा. ज्याला पुस्तकात नॉकिंग म्हणतात, ते इंजिनावर जोर आला की होतं. म्हणजे पन्हाळ्याच्या चढाला चौथ्या गिअरमध्येच पाय दाबून धरला तर. सिलिंडरातलं पेट्रोल-हवेचं मिश्रण प्लगच्या ठिणगीनं एका बाजूनं शिस्तीत जळत जायचं सोडून उरलेलं आपोआप भडकतं, आणि खण्‌खण्‌ ऐकू येतं. त्याला पेट्रोलचं ऑक्टेन, म्हणजे आपोआप न भडकण्याची ताकद, कमी पडत असतं. माझी गाडी चढाला गप्प होती आणि दारात उभ्या उभ्या ओरडत होती. शिवाय हल्ली पंपावर साध्या पेट्रोलमध्येही २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉलनं ऑक्टेन वाढतंच. आमच्या जिल्ह्यात उसाचे कारखाने इतके, की तो अर्धा गावचाच माल म्हणायचा. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना ते मानवतं का हा निराळा वाद, पण या खडखडीशी त्याचा संबंध नव्हता.

घराजवळच्या गॅरेजवाल्यानं बॉनेटही न उघडता निदान केलं. "इंजिन काम निघालं. रिंगा, बेअरिंगं, सगळंच. ४८,००० धरून चला." मी विचारलं, आवाज ऐकला का? तर म्हणाला, ९४,००० चाललीय म्हणजे आलंच की. मीटर बघून इंजिन उतरवायचं म्हणजे वय बघून गुडघा बदलायचा. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरलाही नेली. त्यांनी कागदावर अंगठ्याएवढा शिक्का मारून दिला, 'दोष आढळला नाही.' त्यांचंही चूक म्हणवत नाही. मी गाडी चालवत तिथवर नेली, इंजिन गरम, दोष आढळणार कुठून? तापवाल्या माणसानं गोळी घेऊन डॉक्टरकडे जावं तसं झालं.

शेवटी आमच्या ऑफिसच्या शिपायानं शिवाजी उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींचं नाव सांगितलं. उद्यमनगर म्हणजे एका गल्लीत लेथ, दुसरीत ग्राइंडर, तिसरीत जुन्या ऑइल इंजिनांचे सांगाडे. कोल्हापूरकराला तिथं काही मोडकं घेऊन जायची लाज वाटत नाही. मेस्त्री साठीचे, अंगात निळा शर्ट, कानामागं पेन्सिल. त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं.

"आवाज कवा येतोय?"

"सकाळी."

"किती वेळ?"

"दोन-तीन सेकंद."

"दोन का तीन?"

मला सांगता येईना.

"गरम झाल्यावर? चढाला? दोन तास उभी केली तर? का रात्रभर उभी केली तरच? ऑइलचा दिवा आवाज जायच्या आधी इझतोय का नंतर?"

एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. पतसंस्थेत हिशेब लिहिणाऱ्या माणसाला यापरता अपमान नाही. मेस्त्री म्हणाले, "आठ दिवस लिहून काढा, मग या. गाडी चालवा, घाबरू नका. फक्त सेल्फ मारल्या मारल्या रेस करू नका. दिवा इझूपर्यंत ॲक्सिलेटरला पाय लावायचा न्हाई."

आठ दिवस मी वही केली. रकाने आखले: गाडी किती तास बंद होती, बाहेर गार की उबदार, आवाज किती सेकंद, दिवा आधी की आवाज आधी. सेकंद मनात मोजले की भीतीनं लांबतात, म्हणून फोनवर रेकॉर्ड करून मोजले. एक तास बंद, आवाज नाही. चार तास, जेमतेम अर्धा सेकंद. ऑफिसचे नऊ तास, सव्वा सेकंद. रात्रीचे अकरा तास, तीन. रविवारी गाडी हललीच नाही, सोमवारी साडेचार सेकंद. आणि दरवेळी आधी दिवा विझायचा, मग क्षणभरानं आवाज जायचा. गारव्याचा फारसा फरक नव्हता. एका दिवशी ढग होते, सकाळ उबदार होती, तरी तीनच.

मेस्त्रींनी वही उभ्यानं वाचली आणि पहिल्यांदा हसले. "हे बघा, तुमीच निम्मं काम केलंय. पिस्टन ढिला असता तर आवाज इंजिन तापूपर्यंत आला असता, पाच-पाच मिनिटं. ह्यो तासांवर चाललाय, गारव्यावर न्हाई. उभ्या गाडीत काय हुतंय तासागणिक? तेल खाली उतरतंय."

इंजिन बंद झालं की सगळं ऑइल हळूहळू खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या भांड्यात येतं. सुरू करताना पंप ते परत वर ढकलतो. फिल्टर भरायचा, मग नळ्या, मग व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या कॅमशाफ्टपर्यंत. हे अंतर जितक्या लवकर कापलं जाईल तितकं बरं, म्हणून फिल्टरमध्ये रबराची एक पातळ चकती बसवलेली असते. ती आत आलेलं ऑइल परत खाली जाऊ देत नाही. ती चकती कडक झाली की फिल्टर रात्रीत रिकामा होतो, आणि सकाळी पंपाचा पहिला सेकंद-दीड सेकंद तो भरण्यातच जातो. तेवढ्यात वरचे भाग कोरडे फिरतात.

पण मेस्त्री फिल्टरवर थांबायला तयार नव्हते. आधी त्यांना आपला संशय पडताळायचा होता, आणि इथंच मला या आवाजाची खरी अडचण कळली. ऑइल पुरतं खाली उतरायला रात्र लागते, आवाज तीन सेकंद असतो, आणि एकदा इंजिन पेटलं की त्या दिवसापुरतं संपलं. म्हणजे या इंजिनाला दिवसाला एकच प्रश्न विचारता येतो. प्रश्न चुकला की चोवीस तास गप्प बसायचं.

पहिला प्रश्न असा ठरला. रात्री गाडी मेस्त्रींच्या शेडमध्ये लावली. इंजिन चालू ठेवून टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा फ्यूज काढला. नळीतलं उरलंसुरलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडलं. सकाळी साडेसहाला मी रिक्षानं हजर. शेडच्या दारात अजून धुकं, शेजारच्या लेथवाल्यानं देवाला उदबत्ती लावलेली. मेस्त्रींनी फ्यूज न घालताच सेल्फ मारला. इंजिन पेटणार नाही, नुसतं सावकाश फिरणार, पण ऑइलचा पंप ऑइल वर चढवणार. पाच सेकंद, थोडं थांबून आणखी पाच. ऑइलचा दिवा विझला. मग फ्यूज घातला आणि चावी फिरवली.

गाडी सुरू झाली. खडखड नाही. अजिबात नाही.

मी इतका खूश झालो की मेस्त्रींना हात मिळवायला गेलो. ते म्हणाले, "आजून काय बी दुरुस्त केलेलं न्हाई मी." सिद्ध एवढंच झालं होतं की ऑइल जागेवर असलं की आवाज येत नाही. ते जागेवर का राहत नाही, आणि ते नसताना नक्की वाजतंय काय, हे दोन प्रश्न उरलेच.

मधल्या काळात मला एक जुनं पाप आठवलं. तीन महिन्यांपूर्वी ऑइल बदललं तेव्हा तिथल्या माणसानं म्हटलं होतं, गाडी जुनी झाली, जाड ऑइल घालू, आवाज कमी येईल. त्यानं २०डब्ल्यू-५० घातलं. कंपनीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय. यातला 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा म्हणजे ऑइल गार असताना किती पातळ राहतं त्याचा. जितका लहान तितकं सकाळी लवकर पळतं. नंतरचा आकडा गरम असतानाचा. कोल्हापूरच्या थंडीत ऑइल काही गोठत नाही, पण जाड ऑइल बारीक छिद्रांतून सकाळी रेंगाळत जातं हे खरंच. जुन्या इंजिनात जाड ऑइल म्हणजे दुखणाऱ्या दातावर लवंग. दुखणं झाकतं, दात तोच.

मेस्त्रींनी ऑइल काढलं, पुस्तकातलं घातलं, फिल्टर कंपनीचा बसवला. जुना फिल्टर हॅक्सॉनं कापून दाखवला. आतली रबरी चकती बोटानं दाबली तर मऊ लागायला हवी. ही उन्हात वाळलेल्या सांडग्यासारखी कडक, एका बाजूला उचललेली. वर कुठल्याही नावाचा छाप नव्हता. जुन्या बिलात त्याची किंमत मात्र छापलेल्या फिल्टरची लावली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज तीन सेकंदांवरून सव्वा सेकंदावर आला. तिसऱ्या दिवशीही सव्वा. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "आता पुरे की. काकू पण काय म्हणंनात." खरं सांगायचं तर माझंही मन तिकडेच झुकत होतं. सव्वा सेकंद म्हणजे काय, दार लावायच्या आवाजात झाकला जाईल. पण वहीत आकडा शून्यावर आला नाही की मला झोप येत नाही. हा नोकरीचा रोग आहे.

मेस्त्रींनी आता प्रेशर बघायचं ठरवलं. दिव्यावर त्यांचा विश्वास नाही. "दिवा पार आटल्यावर पेटतोय," म्हणाले. ऑइलच्या दिव्याचं बटण काढून त्या जागी प्रेशरचं घड्याळ जोडलं, जुन्या ऑइल इंजिनांना लावतात तसलं, काट्याचं. उद्यमनगरात प्रेशर किलोतच बोलतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला किती किलो. गाडी वीस मिनिटं चालवून पूर्ण गरम केली, कारण बेअरिंग झिजलेलं असलं की पातळ झालेलं गरम ऑइल फटीतून निसटतं आणि काटा पडतो. आयडलला सव्वा किलो, मिनिटाला ३,००० फेऱ्यांना साडेतीन. मेस्त्रींनी काट्यावर टिचकी मारली, परत बघितलं. तेवढंच.

"बेअरिंग चांगली हाईत. पंप चांगला हाय. रिंगांचा तर प्रश्नच न्हाई, धूर न्हाई, ऑइल खात न्हाई. ४८,००० तुमचं वाचलं बघा."

मग वाजतंय काय?

इथं दोन सकाळी गेल्या. मेस्त्रींचा स्टेथोस्कोप म्हणजे हातभर लांब पेचकस. टोक इंजिनला टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला. इंजिनाबाहेरच्या फिरत्या पट्ट्यापासून हात लांब. सेल्फ मारायचं काम माझं. पहिल्या सकाळी टोक वरच्या टॅपेट कव्हरवर. सव्वा सेकंद. मेस्त्रींनी मान हलवली, "लांबनं येतोय." झालं, त्या दिवसाचं काम संपलं. मी बसनं ऑफिस गाठलं. दुसऱ्या सकाळी टोक पुलीच्या बाजूला, जिथं पुढच्या कव्हरखाली टायमिंग चेन असते. चावी फिरवली आणि मेस्त्रींचा चेहराच बोलला. पेचकस माझ्या हातात देऊन म्हणाले, "उद्या तुमी ऐका. म्हंजे मागनं म्हणायला नको."

म्हणून तिसरीही सकाळ गेली. पण ऐकलं ते विसरणार नाही. बाहेर जी बारीक खडखड वाटायची ती हाडातून सायकलच्या ढिल्या चेनसारखी आली, पत्र्यावर फटफट आपटणारी. पाच-सहा फटके, आणि कोणी तरी हात ठेवावा तशी बंद.

चेन पिस्टननी फिरणाऱ्या क्रँकशाफ्टवरून वर कॅमशाफ्टपर्यंत जाते. ती ताणून धरायला एका बाजूला प्लॅस्टिकची वाकडी पट्टी असते, आणि त्या पट्टीला मागून टेन्शनर रेटतो. टेन्शनर म्हणजे एक लहानसा दट्ट्या: आत स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या मदतीला इंजिनचंच ऑइल प्रेशर. आत एक बारीक गोळीचा व्हॉल्व्ह, आलेलं ऑइल अडवून ठेवायला. गोळी नीट बसेना झाली, दट्ट्याचे दाते झिजले की रात्रभरात टेन्शनर मोकळा होतो. सकाळी प्रेशर येईपर्यंत चेन ढिली, आणि ती पट्टीवर आपटते. म्हणजे फिल्टर रिकामा होत होता आणि टेन्शनरही. दोघांचा मिळून तीन सेकंदांचा तमाशा. फिल्टर बदलल्यावर एकाचा हिस्सा गेला, दुसऱ्याचा राहिला.

मेस्त्रींच्या पोरानं फोनला जोडायचा लहान स्कॅनर लावला. पी००१६ कोड आलाय का ते बघायचं होतं. क्रँक आणि कॅम यांची जुळणी चुकली की तो येतो. आला नव्हता. चेन अजून दात सरकली नव्हती. सरकली तर असल्या इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडा सापडतो, दोघांची टक्कर होते, आणि मग मात्र ४८,००० खरे ठरतात. सव्वा सेकंदाला 'पुरे की' म्हणालो नाही त्याचं तेव्हा बरं वाटलं.

नुसता टेन्शनर बदलायचा की सगळंच? कव्हर उघडायची मजुरी दोन्हीकडे तीच, म्हणून चेन, तिच्या दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, टेन्शनर असा पूर्ण संच घ्यायचं ठरलं. शाहूपुरीतल्या दुकानात दोन डबे पुढं आले. एक २,३००चा, एक ५,४००चा. फिल्टरनं शहाणा केलेला मी दुसरा उचलला.

शनिवारी सुट्टी टाकून मी शेडमध्येच बसलो. कामाचं सगळं वर्णन करत नाही. बराच वेळ नट काढण्यात आणि काढलेले नट क्रमानं पुठ्ठ्यात खोचण्यात जातो. ऑइल आठ दिवसांचंच होतं, ते स्वच्छ डब्यात काढून फडक्यानं झाकलं. पुलीच्या बाजूचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो आधार, सोडवायचं म्हणून इंजिन वरून साखळीला टांगलं. क्रँक पुलीचा बोल्ट हटेना. पान्याला पाच फुटी पाइप घालून दोघं लोंबकळले तेव्हा बंदुकीसारखा आवाज करून सुटला. चेंबर उतरवलं. ऑइल शोषणाऱ्या जाळीला सांधे बंद करायच्या जुन्या सिलिकॉनचे दोन तुकडे चिकटलेले निघाले, नखाएवढे. मेस्त्री ते तळहातावर घेऊन पोराला म्हणाले, "ह्ये बघ. सिलिकॉन लावताना हात का आखडायचा त्ये."

कव्हर निघालं आणि सगळं समोर आलं. प्लॅस्टिकच्या पट्टीवर चेननं दोन खोल चर पाडले होते. जुना टेन्शनर मेस्त्रींनी ऑइलमध्ये बुडवून भरला आणि अंगठ्यानं दाबला. तो सावकाश, बिनतक्रार आत गेला. नवा तसाच भरून माझ्या हातात दिला. दगड. दोन्ही चेनी एका खिळ्याला शेजारी शेजारी टांगल्या, तर जुनी चार-पाच मिलिमीटर लांब. लोक म्हणतात चेन ताणते; खरं तर लोखंड ताणत नाही, प्रत्येक कडीची पिन थोडी थोडी झिजते आणि तेवढ्यांची बेरीज होते. आमच्या सरळव्याजासारखंच.

नवी चेन चढवताना पहिला पिस्टन वर आणून ठेवायचा, चेनवरच्या रंगीत कड्या दातेरी चकत्यांवरच्या खुणांशी जुळवायच्या, मग टेन्शनरची पिन ओढायची. खट्. पट्टी पुढं सरकली, चेन ताठ. आता मेस्त्रींनी पाना लावून क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवला. मी टॉर्च धरून वाकलो आणि पोटात गोळाच आला: रंगीत कड्या खुणेपाशी नव्हत्याच! एक भलतीकडेच, दुसरी दिसतही नव्हती.

"मेस्त्री, चुकलं!"

ते शांतपणे हात पुसत होते. "कड्या बघू नका. चकतीवरच्या खुणा बघा." चकत्यांवरच्या खुणा तंतोतंत जागेवर होत्या. चेनच्या कड्यांचा आणि दातांचा हिशेब असा असतो की रंगीत कड्या दोन फेऱ्यांनी परत तिथं येत नाहीत. त्या फक्त बसवताना कामाच्या. हातानं फिरवायचं कारणही वेगळं. काही चुकलं असलं तर हाताला अडकतं आणि थांबता येतं. सेल्फ थांबत नाही.

कव्हर, चेंबर सिलिकॉन लावून बसवलं, नवं सील ठोकलं, आणि रात्रभर सुकायला ठेवलं. रविवारी सकाळी ऑइल घातलं. फ्यूज काढून सेल्फ मारून घेतला, मग फ्यूज घालून चावी फिरवली.

खडखड.

पुरते दोन सेकंद. मी मेस्त्रींच्या तोंडाकडे बघितलं. माझ्या डोळ्यांपुढं १२,२५० रुपयांचं बिल नाचत होतं: संच ५,४००, ऑइल-फिल्टर १,९५०, सील-गॅसकेट-सिलिकॉन ९००, मजुरी ४,०००.

"बसवताना टेन्शनरातलं तेल सगळं सांडलंय, हवा गेलीय," मेस्त्री म्हणाले. "आज तिला विचारू नका. उद्या विचारा."

गाडी घरी आणली. रात्री वहीत नवा रकाना आखून ठेवला, आणि साडेपाचलाच जाग आली. सहाला खाली उतरलो. काकू गॅलरीत दूध घ्यायला उभ्या होत्या, आप्पा फिरायला निघालेले. फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. चावी फिरवली.

सेल्फचा आवाज, मग इंजिनचा. मध्ये काही नाही. दिवा विझला. मी बंद केलं नाही, श्वासही सोडला नाही. पाच, सहा, सात. खालून कुठून तरी बारीक टिण्‌टिण्‌ येत होती, सायलेन्सरवरच्या पत्र्याचा एक स्क्रू ढिला असावा. इतके दिवस ती खडखडीखाली दबली होती. वहीत लिहिलं: ११ तास बंद, आवाज शून्य, पत्रा बघणे.

आप्पा बॉनेटवर हात ठेवून उभे होते. मी त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, "आप्पा, आवाज गेला!"

"मी पहिल्यापासून सांगतोय," ते म्हणाले, "हिला काय झालेलं नाही." आणि फिरायला गेले.